नऊ लिटर निवडुंग

एकोणीस वर्षं मी दुबईत अल्कोहोलच्या कोठाराच्या कागदांवर सही करत होते, आणि आयुष्यात त्यातला थेंबही चाखला नाही. हळदीकुंकवाला हे सांगितलं की बायका वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा ऐकतात. त्यांचे नवरे मग निघताना हळूच विचारतात, "वहिनी, फॅक्टरी रेटने काही मिळतं का हो?" मिळायचं की. निवडुंगाचा अर्क उतरलेलं, ओल्या गवतासारखा वास मारणारं अल्कोहोल मिळायचं. एका फारच हौशी गृहस्थांना मी नमुन्याच्या बाटलीचा नुसता वास घ्यायला दिला होता. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

दिवाळी अंकासाठी नोकरीवर लिहा, असं दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या संपादकबाईंनी सांगितलं तेव्हा एकच अट घातली: शास्त्र नको, अनुभव हवेत. ही अट मला पूर्ण पाळता येणार नाही. जी हकीकत सांगायची आहे, तिच्यात मी एका सज्जन माणसाला चोर ठरवलं होतं, आणि तो चोर नव्हता हे समजायला थोडं शास्त्र लागतं. तेवढं सहन करावं. शाळेतल्या आठवीच्या पुस्तकापलीकडे ते जात नाही, आणि म्हणूनच मला जास्त लाज वाटते.

मी फार्मसीची पदवीधर, मूळची पुण्याची. आमची फॅक्टरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये होती, एका बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारे आणि दुसऱ्या बाजूला बिस्किटं भाजणारे, अशा शेजारात. आम्ही वनस्पतींचे अर्क काढायचो. होमिओपॅथीची औषधं करणाऱ्यांना मूळ अर्क लागतो, त्याला मदर टिंक्चर म्हणतात. आमच्याकडून ते ड्रम जबल अलीच्या बंदरातून बाहेर जायचे. या औषधांचा उपयोग होतो की नाही हा वाद माझ्याशी घालू नये. मी औषध बनवत होते, देत नव्हते.

आमचा सगळ्यात मोठा माल म्हणजे निवडुंग. बांधावरचा फड्या निवडुंग नव्हे. हा दोरखंडासारखा लांबलचक, वेलीसारखा चढणारा, वर्षातून एकदा मोठं पांढरं फूल देणारा. अल ऐनच्या रस्त्यावर एका नर्सरीत हिरव्या जाळीखाली तो आमच्यासाठी वाढवत. कापलेली खोडं आली की धुवायची, बारीक काटे काढायचे, स्टीलच्या सुऱ्यांनी तुकडे करायचे आणि लगदा करायचा. हा लगदा म्हणजे भेंडीचा आजोबा. इतका बुळबुळीत की हातात धरावा तर निसटतो आणि सोडावा म्हटलं तर बोटांना लोंबत राहतो. तो अल्कोहोलमध्ये झाकणबंद भांड्यात दोन आठवडे भिजवायचा, रोज ढवळायचा, मग पिळायचा, निवळू द्यायचा, गाळायचा आणि स्टीलच्या ड्रममध्ये भरून अंधाऱ्या थंड खोलीत ठेवायचा. ड्रम गच्च भरायचा नाही, वर जागा सोडायची. झालं. वाचायला दोन मिनिटं लागतात, करायला महिना.

यातली खरी मेख पाण्यात आहे. निवडुंग म्हणजे बहुतेक पाणीच. ते पाणी अल्कोहोलला पातळ करतं. म्हणून खोडात किती ओलावा आहे ते आधी काढायचं आणि त्या हिशेबाने कडक अल्कोहोल घ्यायचं. ते कमी पडलं तर अर्क नासतो. माझ्या पहिल्याच वर्षी एक अख्खा लॉट आठवड्यात फेसाळला. मी नर्सरीत जाऊन चौकशी केली तर तिथला फोरमन, एक उंचापुरा पठाण, अभिमानाने म्हणाला, "मॅडम, आपके लिए काटने से पहले तीन दिन खूब पानी पिलाया. देखो कितना मोटा ताज़ा!" वाळवंटात राहणारा माणूस, त्याला तहानलेलं झाड कापवेना. त्याला मी काय बोलणार? तेव्हापासून कापणीआधी आठ दिवस पाणी बंद, आणि ओलावा दर लॉटचा मी स्वतः तपासायचा, असा नियम केला. ओलाव्याच्या बाबतीत माझ्याकडून पुन्हा कधी चूक झाली नाही, हे मी छाती पुढे काढून सांगू शकते. बाकीच्या बाबतीत काय झालं ते आता सांगते.

गिऱ्हाइकं आमच्या दारात क्वचित यायची, पण एक म्हातारे अरब गृहस्थ दर दोन-तीन महिन्यांनी यायचे. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की इथे निवडुंगाचं औषध मिळतं. दर वेळी मी सांगायची, यात अल्कोहोल आहे. दर वेळी ते "खलास!" (म्हणजे पुरे) म्हणून बाटली खाली ठेवायचे, चहा प्यायचे, माझ्या मुलीची चौकशी करायचे आणि विचारायचे की अल्कोहोल नसलेलं कधी बनवणार. मी म्हणायची, इन्शाल्ला. आम्ही दोघंही जाणून होतो की ते बनणार नाही.

अल्कोहोलचं कोठार हा आमच्याकडचा सगळ्यात नाजूक विषय. दुबईत औद्योगिक अल्कोहोल वापरायला परवाना लागतो, आणि आमच्या परवान्यानुसार प्रत्येक लिटर कुठून आला नि कुठे गेला ते दाखवावं लागायचं. एक टक्क्यापर्यंत घट चालायची. गाळताना, भरताना थोडं उडतं, थोडं सांडतं. त्याहून जास्त तूट आली तर लेखी कळवायचं, आणि किल्ली कोणाकडे होती त्याचं नाव त्यात लिहायचं.

किल्ली हमीदइक्कांकडे असायची. हे केरळच्या मलबार भागातले, पन्नाशी उलटलेले, बारीक दाढीचे, आमचे स्टोअरकीपर. इक्का म्हणजे त्यांच्याकडचं मोठ्या भावाला म्हणायचं नाव, फॅक्टरीत सगळे त्यांना तसंच हाक मारायचे. पहिल्यांदा कोठाराची किल्ली देऊ केली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला होता. "मॅडम, ये मेरे से नहीं होगा. शराब है." दोन दिवस विचार करून, आपल्या मशिदीतल्या कुणाला विचारून ते परत आले आणि म्हणाले, "दवा के लिए है तो रखूँगा. लेकिन हाथ में दस्ताना पहनूँगा." त्यानंतर तेरा वर्षं त्यांनी हातमोज्याशिवाय एका ड्रमला हात लावला नाही. इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत सहा जणांबरोबर राहायचे, कंपनीच्या बसने यायचे, आणि दर शुक्रवारी गावाकडच्या मुलीला फोन करायचे. मुलगी नर्सिंग शिकत होती.

चार वर्षांपूर्वीचा जुलै. निवडुंगाचा चारशे लिटरचा लॉट गाळायला तयार होता, जहाजाची तारीख ठरलेली होती आणि नेमका गाळण्याच्या हॉलचा एसी बंद पडला. दुबईच्या जुलैत एसी बंद पडणं म्हणजे काय ते इथल्या वाचकांना सांगायला नको. मेकॅनिक म्हणाला, पार्ट यायला तीन दिवस. अल्कोहोल असल्या उकाड्यात उघडू नये, हे मला माहीत होतं. मी थांबायला हवं होतं. पण तारीख डोक्यावर होती आणि मॅनेजर त्या आठवड्यात रजेवर होता, म्हणून दारं उघडी ठेवली, सगळे पंखे लावले आणि गाळायला सुरुवात केली.

आणि गंमत अशी की काम सुंदर झालं! निवडुंगाचा चिकटा थंड हॉलमध्ये फडक्यातून थेंब थेंब उतरतो, अंत पाहतो. त्या उकाड्यात तो सरसर खाली आला. तीन दिवसांचं काम दीड दिवसात. घामाने निथळत मी हमीदइक्कांना म्हणाले, "इक्का, दर वेळी एसी बंदच ठेवूया." ते म्हणाले, "मॅडम, फिर आप अकेले काम करना." मापाच्या वीस लिटरच्या कॅनने मोजून आठ ड्रम भरले, प्रत्येकात पन्नास लिटर, वर नियमाप्रमाणे जागा. झाकणं पक्की केली, ड्रम लगेच कोठारातल्या थंड खोलीत ठेवले. तिथे पंधरा अंश असायचं. मी वहीत नोंद केली: लॉट, तारीख, लिटर, हॉलचं तापमान, सही.

दहा दिवसांनी महिन्याची मोजणी झाली. ड्रममध्ये खुणांची पट्टी सोडून आम्ही मोजायचो. पहिल्या ड्रममध्ये एकोणपन्नास लिटरही पुरते भरेनात. दुसऱ्यात तसंच. आठही ड्रममध्ये तसंच. एकूण तूट नऊ लिटर. चार लिटरपर्यंत आम्ही डोळे मिटून घट म्हणून सोडलं असतं, दर वेळी तेवढी असायचीच. नऊ म्हणजे दोन टक्क्यांच्या वर.

मॅनेजर निखिल सावंत. शारजात वाढलेला मराठी मुलगा, कामात हुशार, बोलण्यात घाई. त्याने पट्टी माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा मोजलं.

"मॅडम, नाइन लिटर्स इज नॉट अ जोक. झाकणांची सील?"

"सील ठीक आहेत. पण सीलचा डबा पण इक्कांच्याच कपाटात असतो," मी म्हणाले. हे वाक्य मी का बोलले देव जाणे. खरं होतं म्हणून बोलले.

"आणि की?"

"त्यांच्याकडेच."

"एक्झॅक्टली. प्रत्येक ड्रममधून थोडं थोडं काढलंय. व्हेरी स्मार्ट. एकाच ड्रममधून काढलं असतं तर लगेच कळलं असतं." मग तो जरा मऊ झाला. "आय लाइक हिम, मॅडम. पण लेबर कॅम्पमध्ये अशा स्पिरिटला काय भाव येतो, यू हॅव नो आयडिया."

मी म्हणाले, इक्का असं करणार नाहीत. निखिल म्हणाला, "सगळे असंच म्हणतात, ना?" गळती नव्हती, सांडलं नव्हतं, वाफ बंद ड्रममधून जात नाही. मग उरली चोरीच. जबाबदार फार्मासिस्ट म्हणून तुटीचा कागद मलाच लिहायचा होता. मी लिहिला. "कोठाराच्या व सीलच्या किल्ल्या स्टोअरकीपर हमीद यांच्या ताब्यात होत्या." हे वाक्य माझ्या अक्षरात होतं. कागद मालकाच्या टेबलावर गेला. मालक परदेशातून चार दिवसांनी येणार होते, ते आले की तो सरकारी कचेरीत जाणार होता.

हमीदइक्कांना बोलावून निखिलने किल्ल्या मागितल्या. त्यांनी जुडगा टेबलावर ठेवला, मग हातमोजे काढून त्याच्या शेजारी ठेवले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, नौकरी जाएगी तो दूसरी देखूँगा. लेकिन शराब की चोरी? मैं गाँव में मस्जिद की सीढ़ी कैसे चढ़ूँगा?"

निखिल म्हणाला, "इक्का, अभी रूम पे रहो. इन्क्वायरी तक आना नहीं."

मी खाली मान घालून उभी होते. त्यांची बस संध्याकाळची. ते दुपारच्या उन्हातच चालत बाहेर गेले.

दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. नवऱ्याने, श्रीकांतने, दोनदा विचारलं आणि सोडून दिलं. तो जबल अलीत लॉजिस्टिक्समध्ये होता, हरवलेल्या मालाच्या गोष्टी त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. तो एवढंच म्हणाला, "तूट नेहमी माणसात शोधतात. आधी कागदात शोधावी." मला राग आला. माझे कागद? इतक्या वर्षांत माझ्या कागदात कुणी खोट काढली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मालकांना दाखवायला पुरावा म्हणून एक ड्रम निखिलने बाजूला काढायला सांगितला. जुनी पॅकिंगची खोली रिकामी होती, तिला एसी नव्हता, पण कुलूप होतं. पुन्हा एकदा मोजून, झाकणावर निखिलची सही असलेलं सील लावून ड्रम सकाळी तिथे ठेवला, किल्ली निखिलच्या खिशात. दुपारी साडेतीनला आम्ही दोघं तिथे गेलो. अर्कात कोणी पाणी मिसळलंय का, हे बघायला मला नमुना हवा होता. सील निखिलने स्वतः तोडलं. सवयीने मी पट्टी सोडली आणि वर काढली.

पन्नास लिटर. पुरते पन्नास.

मी पट्टी पुसून पुन्हा सोडली. पन्नास. निखिल म्हणाला, "व्हॉट द... सकाळी हा फॉर्टी-नाइनच्या खाली होता. कोणी भरलं?" किल्ली त्याच्याच खिशात होती. भरणार कोण? मी आधारासाठी ड्रमला हात लावला आणि तो तिथेच राहिला. ड्रम गरम होता. भाकरीच्या तव्यासारखा नव्हे, पण उन्हात उभ्या गाडीच्या दारासारखा, हात ठेवला की कळेल इतका.

आठवीच्या पुस्तकात आहे. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, थंडीने आकुंचन पावतात. अल्कोहोल तर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. आम्ही चाळीस अंशांत मोजून पन्नास लिटर भरले होते आणि ते पंधरा अंशांच्या खोलीत ठेवले. आत ते आकसले. चोरी झाली नव्हती. अर्क होता तेवढाच होता, नुसता अंग चोरून बसला होता. प्रत्येक ड्रममध्ये सारखीच तूट का, तेही आता उघड होतं. मी तिथल्या खोक्यावर बसले.

निखिलला सांगितलं. तो शारजाच्या शाळेत शिकलेला, झटकन समजला. माझी वही मागवून मोबाइलवर गणित करायला लागला. मग त्याच्या कपाळावर आठी आली.

"मॅडम, पण तुमच्या बुकमध्ये हॉलचं टेम्परेचर ट्वेंटी-फाइव्ह आहे. पंचवीस ते पंधरा... साडेतीन लिटर शॉर्ट यायला हवेत. नऊ नाही. साडेपाच लिटर अजून मिसिंगच आहेत."

वही माझ्यासमोर उघडी होती. माझं अक्षर. पंचवीस.

हॉलच्या भिंतीवर थर्मामीटर होता. चाळीस दिरहमचा, म्हणजे आपले नऊशे-हजार रुपये. एसी पंचवीसवर लावलेला असायचा, म्हणून हॉलमध्ये पंचवीसच असायचं, म्हणून मी पंचवीसच लिहायची. किती वर्षं मी त्या थर्मामीटरकडे पाहिलं नव्हतं, मला आठवत नाही. त्या जुलैत घाम पुसत, चाळीस अंशांत उभं राहून, "दर वेळी एसी बंद ठेवूया" असा विनोद करून, मी पेन उचललं आणि रकान्यात पंचवीस लिहिलं. खोटं लिहायचं म्हणून नव्हे. हाताने लिहिलं, डोळ्यांनी पाहिलंच नाही.

आता निखिलला सांगायचं तर काय सांगायचं? की परवान्यावर जिची सही आहे ती बाई न बघता आकडे लिहिते? की भर उकाड्यात तिने अल्कोहोल उघडलं? मग इतक्या वर्षांच्या सगळ्या वह्यांवर प्रश्न येणार. माझी निवृत्ती चौदा महिन्यांवर होती. मी म्हणाले, "मला थोडं बघू दे," आणि घरी आले. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिते. त्या संध्याकाळी मी निखिलला खरं सांगितलं नाही.

घरी सई होती, माझी मुलगी, इथेच वाढलेली, तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली. जेवायला बसल्यावर मी दोघांना सगळं सांगितलं. श्रीकांत म्हणाला, "दुसरा काही मार्ग असेल तर बघ. साडेपाच लिटर सांडले असं दाखवता येईल का?" तो माझ्या काळजीने बोलत होता, मला कळत होतं. सईने घास खाली ठेवला.

"आई, सो दॅट अंकल गोज टु जेल, अँड यू गेट अ फेअरवेल केक?"

श्रीकांत तिच्यावर ओरडला. मला मात्र तिचा राग आला नाही. मी ते वाक्य दुपारपासून स्वतःला म्हणायला घाबरत होते, ते तिने इंग्रजीत सहज म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले. मी निखिलच्याही आधी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं की पंचवीस हा आकडा चुकीचा आहे, मी तो न बघता लिहिला, हॉल तेव्हा चाळीसच्या आसपास होता. एसीच्या दुरुस्तीच्या कागदावर बंद पडल्याची आणि चालू झाल्याची तारीख होती, तो पुढे ठेवला. मालक लेबनीज, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, "दाखवू शकतेस?"

दाखवलं. थंड खोलीतला दुसरा ड्रम त्यांच्यासमोर मोजला, एकोणपन्नासच्या खाली. झाकण लावून, त्यांचीच सही असलेलं सील ठोकून, जुन्या पॅकिंगच्या खोलीत ठेवला, थर्मामीटर शेजारी. कुलूप, किल्ली त्यांच्याकडे. दुपारपर्यंत मी पाण्याचे सहा-सात ग्लास प्यायले. आधी दिसलं ते मला भास तर नव्हता ना, असं वाटायला लागलं होतं. चार वाजता सील तुटलं, पट्टी आत गेली, वर आली. निखिलने मोठ्याने वाचलं, "फिफ्टी. सर, फिफ्टी!" आणि मला वयाचा, हुद्द्याचा विचार न करता मिठी मारली. मालकांनी माझा तुटीचा कागद माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, "फाड." मी फाडला. हसू येत होतं, रडू येत होतं, आणि खूप भूक लागली होती.

मला शिक्षा झाली. लेखी ताकीद मिळाली, सगळे जुने लॉट पुन्हा तपासायचं काम मिळालं, आणि वर्षभर माझ्या प्रत्येक नोंदीवर दुसऱ्याची सही लागायला लागली. ती मी आनंदाने घेतली. त्या दिवशी मला कोणी हॉल झाडायला सांगितला असता तर तोही झाडला असता.

निखिल म्हणाला, "यल्ला, चला, इक्कांना फोन करतो." मी त्याचा फोन थांबवला. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं.

ऑफिस सुटल्यावर श्रीकांतने मला इंटरनॅशनल सिटीत नेलं. खोलीत दुमजली पलंग, खिडकीत वाळत घातलेले कपडे, कुणीतरी मासे तळत होतं. हमीदइक्का खालच्या पलंगावर बसले होते. पाच दिवसांत दाढी वाढली होती. त्यांनी उठून मला बसायला जागा केली, काळा सुलेमानी चहा मागवला. मी चहा हातात धरून सगळं सांगितलं, थंड-गरमचं, थर्मामीटरचं, पंचवीसचं. माझं हिंदी एरवीही मराठीच असतं, त्या दिवशी तर फारच. शेवटी म्हणाले, "ग़लती मेरी थी इक्का. पूरी मेरी."

मला वाटलं ते म्हणतील, जाने दो मॅडम. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी आपला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "इस रूम में हमारे गाँव के दो आदमी हैं. पहले ही दिन घर पे ख़बर गई. पाँच दिन से बेटी फ़ोन कर रही है. मैंने उठाया नहीं. क्या बोलता?" त्यांचा आवाज चढला. तेरा वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "आपको मालूम था मॅडम, मैं कैसा आदमी हूँ. फिर भी आपने लिखा."

"हाँ," मी म्हणाले. "लिखा."

त्यांनी उशाखालून फोन काढला. नंबर लावला. पहिल्या रिंगलाच पलीकडून मुलीचा आवाज आला, मल्याळममध्ये, घाईघाईने, मला एक अक्षर कळेना. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"ये आप बोलो. मेरे बोलने से वो समझेगी कि बाप है, इसलिए बोल रहा है."

मी फोन घेतला. माझं नाव सांगितलं. मग मुलीने सावकाश इंग्रजीत विचारलं, "मॅडम, डिड माय फादर टेक इट?"

"नो," मी म्हणाले. "त्यांनी काही घेतलं नाही. काही गेलंच नव्हतं. मी चुकीचं लिहिलं." मग आपण मराठीतून बोललो हे लक्षात आलं, आणि पुन्हा इंग्रजीत, एकेक शब्द तोडून, तिला समजेल असं सांगितलं. ती रडायला लागली. रडता रडता तिने विचारलं, मग त्यांनी फोन का उचलला नाही. मी म्हणाले, थांब, वडिलांनाच विचार, आणि फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो कानाला लावला. पलीकडून ती रागावून बोलत होती आणि ते नुसते "हूँ, हूँ" करत होते. मग त्यांना हसू आलं, मोठ्याने, आणि त्या खोलीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. मासे तळणाऱ्याने गॅस बंद केला. हमीदइक्कांनी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने माझा निवलेला चहा उचलला आणि गरम करून आणायला सांगितला.